रस्त्याच्या पोटातली खडी

रस्त्याचा इतिहास लिहिणारे बहुधा तो कुठून निघाला आणि कुठे पोचला एवढंच लिहितात. कोणत्या राजाचं सैन्य त्यावरून गेलं, कोणत्या व्यापाऱ्याचा माल गेला, हे सगळं येतं. पण रस्ता कशाचा केला होता आणि तो झिजल्यावर त्यातल्या दगडाचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी लिहीत नाही. उज्जैनमध्ये संसार करताना हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. आमचं शहर वाटांच्या बाबतीत फार जुनं, आणि रस्ते मात्र दर बारा वर्षांनी नवे! सिंहस्थ आला की रस्ते आले. १९८०, १९९२, २००४, २०१६ आणि आता २०२८. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वळी असतात म्हणतात, तशी आमच्याकडच्या रस्त्यांत सिंहस्थांची वळी असावीत.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक खलाशाने किंवा व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे. त्यात उज्जैनचा उल्लेख ‘ओझेनी’ असा येतो. इथून अकीकासारखे दगड आणि मलमल भडोचच्या बंदराला जाई, असं त्यात नोंदवलं आहे. म्हणजे माळव्यातून समुद्राकडे जाणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वीही वाहती होती. पण ती वाट होती, आजच्या अर्थाने रस्ता नव्हता. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. माळव्याची काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला ती सोनं, रस्त्याला मात्र वैरीण.

म्हणून पावसाळ्याचे चार महिने सगळा देशच जागच्या जागी थांबायचा. आमच्या साधु-साध्वींचा चातुर्मास जीवदयेसाठी असतो, पण त्या काळात व्यापाऱ्यांचे तांडेही थांबत आणि फौजाही छावणीत असत. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला बस्तान बसवलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, त्या काळातही मराठ्यांची मोहीम निघायची ती दसऱ्याला सीमोल्लंघन करूनच. आपण त्याला शुभमुहूर्त म्हणतो. त्या मुहूर्तामागे वाळलेली वाट होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

बारमाही रस्ता ही कल्पना आपल्याकडे खऱ्या अर्थाने आली ती खडी घेऊन. जॉन लाउडन मॅकअॅडम नावाचा स्कॉटिश माणूस (१७५६–१८३६) इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रस्त्यांवर देखरेख करत होता. खाली मोठमोठे दगड बसवायची गरज नाही, सारख्या आकाराची बारीक फोडलेली खडी थराथराने पसरली की चाकांखाली ती आपोआप एकमेकींत घट्ट बसते, आणि खालची माती कोरडी राहिली की तीच सगळा भार पेलते, असं त्याने दाखवून दिलं. आपल्याकडच्या खडीच्या रस्त्यांचं मूळ तिथे आहे.

त्याच्याविषयी वाचताना एका गोष्टीपाशी मी थांबले. मॅकअॅडमने सांगितलेलं पहिलं काम नवा दगड आणायचं नव्हतंच. त्याचं म्हणणं होतं, की बहुतेक जुन्या रस्त्यांत पुरेसा दगड आधीच पडलेला आहे. तो चार इंच खोल उकरून काढा, मोठे तुकडे फोडा, एकही खडा सहा औंसांहून, म्हणजे साधारण १७० ग्रॅमहून जड राहू देऊ नका, आणि तोच दगड पुन्हा पसरा. फोडण्याचं काम बसून करायचं, म्हणजे जड काम न झेपणारे म्हातारे, बायका, मुलं हेही ते करू शकतील, असाही त्याचा हिशेब होता. जुना रस्ता हीच नव्या रस्त्याची खाण, हा विचार दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. मधल्या काळात आपण तो विसरलो.

विसरायला कारणंही तशीच होती. आपल्याकडे आधी रस्तेच नव्हते, तर जुने रस्ते वापरणार कुठून? मोटारी आल्या, जुने खडीचे रस्ते टिकेनात, तेव्हा सरकारने १९२७ मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. रस्ते ही केवळ प्रांतांची जबाबदारी नाही, तिचा भार साऱ्या देशाने उचलावा, आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घ्यावा, असं त्या समितीने सुचवलं. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था. मग १९४३ च्या डिसेंबरात नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामरस्ते अशी जी विभागणी आपण आजही वापरतो, ती त्या नागपूर योजनेतली. शेती असलेल्या भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असं त्यांनी लिहून ठेवलं. महायुद्ध चाललेलं, स्वातंत्र्य आलेलं नाही, आणि ही माणसं गावाच्या वाटेचा विचार करत होती. मला याचं फार कौतुक वाटतं.

खेड्यांच्या वाट्याला मात्र रस्ता उशिराच आला. आणि आमच्या भागात तो आला तो दुष्काळाचा हात धरून.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. मागेल त्याला काम ही रोजगार हमीची कल्पना त्यांनी साठच्या दशकात मांडली आणि पहिला प्रयोगही तासगाव तालुक्यातच झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. मी तेव्हा पाळण्यातली. पण आई सांगायची, की ज्या घरांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता, त्या घरांतल्या बायकाही डोक्यावरून पदर ओढून खडी फोडायला बसल्या. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने दगड धरायचा, डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून मान वळवायची. मुकादम येऊन खडीचा ढीग मोजायचा, ब्रासावर मजुरी. दुपारी सुकडी मिळायची. आईला त्या सुकडीचा वास शेवटपर्यंत सहन झाला नाही. पण रस्त्याने जाताना मात्र ती बोट दाखवून म्हणायची, “ह्या वळणापासून त्या वडापर्यंत आमच्या हातची खडी हाय.”

तिच्यासारख्या लाखो बायकांच्या हातची खडी आज महाराष्ट्रातल्या ग्रामरस्त्यांच्या पोटात आहे. वर मुरूम आला, मग डांबर आलं, त्यावर पुन्हा डांबर आलं. खडी खालीच राहिली.

त्यानंतरचा मोठा टप्पा २५ डिसेंबर २००० चा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना त्या दिवशी सुरू झाली. सपाट प्रदेशात पाचशे आणि डोंगराळ व आदिवासी भागात अडीचशे लोकवस्तीच्या वाड्यावस्त्यांपर्यंत बारमाही रस्ता न्यायचा, हे तिचं ध्येय. मध्य प्रदेशाला या योजनेचा फार लाभ झाला. तराना, महिदपूर, बडनगर, खाचरोद, कुठल्याही बाजूला जा, शेतांमधून जाणारा एकपदरी डांबरी रस्ता आणि कडेला योजनेची पाटी दिसते. त्या पाटीवर लांबी, खर्च आणि पाच वर्षांची देखभाल लिहिलेली असते. पाटी वाचून मी नेहमी एकच हिशेब करते. पाच वर्षं कधीच होऊन गेलेली असतात.

हे रस्ते बहुतेक पावणेचार मीटर रुंदीचे, काही तर तीनच मीटरचे. ते आखले तेव्हा त्यांवरून बैलगाडी, सायकल, एखादी जीप आणि दिवसातून दोन वेळा बस जाईल अशी कल्पना होती. पण रस्ता आला आणि त्याच्यामागोमाग सगळंच आलं. माळवा सोयाबीनचा मुलूख झाला. आज मंडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागे भरगच्च ट्रॉल्यांची रांग असते, वाळूचे डंपर असतात, शाळेच्या बसगाड्या असतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात अभियंत्यांनी मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवले होते. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की चाकांच्या जोडीवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, जवळजवळ सोळा पट होते. म्हणजे एक जादा भरलेला डंपर जे करून जातो ते शेकडो मोटारसायकली करत नाहीत. आपण खड्डा बघून ठेकेदाराला शिव्या देतो. त्या शिव्यांचा थोडा वाटा डंपर भरणाऱ्यालाही द्यायला हरकत नाही.

आता हे म्हातारे रस्ते दुरुस्त करायचे आणि रुंदही करायचे, असं काम देशभर चाललं आहे. ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात नवे रस्ते फार नाहीत, असलेल्या रस्त्यांपैकी सव्वा लाख किलोमीटर सुधारायचे आहेत, आणि वाहतूक जास्त असेल तिथे ते साडेपाच मीटर रुंद करायचे आहेत. प्रश्न येतो तो इथे. हे करायचं कसं?

आजवरची रीत सोपी होती. जुन्या रस्त्यावर नवा थर टाकायचा. दर खेपेला रस्ता चार बोटं वर येतो. वस्तीतून जाणारा रस्ता असला की घरं आपोआप खाली जातात. उज्जैनजवळच्या एका खेड्यात माझ्याकडे पूर्वी काम करणाऱ्या बाई राहतात. त्यांच्या दाराला लग्न होऊन आल्या तेव्हा दोन पायऱ्या चढाव्या लागत, आता एक पायरी उतरावी लागते. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी सरळ चुलीपर्यंत येतं. सासूने बांधलेला ओटा रस्त्याने गिळला, असं त्या म्हणतात. रस्ता सुधारला, घर बुडालं!

दुसरी रीत म्हणजे जुना रस्ता उकरून मलबा कुठल्यातरी ओढ्याकाठी टाकायचा आणि नवी खडी आणायची. पण नवी खडी येते कुठून? डोंगरातून. डांबर येतं कच्च्या तेलातून, आणि तेही बरंचसं परदेशातून. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि भाव कडाडले, तेव्हा अमेरिकेतल्या अभियंत्यांना आपल्या जुन्या डांबराची आठवण झाली. आज तिकडे जुना डांबरी थर खरवडून पुन्हा वापरणं ही नेहमीची गोष्ट आहे. डांबर म्हणजे काही कापूर नव्हे, उडून जात नाही. ऊन आणि हवा लागून ते कडक होतं, ठिसूळ होतं. त्यात ताजं मऊ डांबर किंवा योग्य तेल मिसळलं की त्याची चिकटी बरीचशी परत येते. घट्ट झालेल्या काकवीत जरा गरम पाणी घालून ती सैल करावी, तसंच काहीसं.

मोठ्या महामार्गांवर वरचा थर यंत्राने खरवडतात, प्लँटवर नेतात, तापवून नव्या मालात मिसळतात. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापरासाठी वेगळी मार्गदर्शिकाच काढली. गावच्या रस्त्यांची गोष्ट वेगळी. तिथे डांबराचा थर बरेचदा अवघा वीस मिलिमीटरचा, बाकी सगळी खडी आणि मुरूम. तिथे रस्ता आहे त्या जागीच, पूर्ण खोलीपर्यंत दळतात. एक मोठं यंत्र जुनं डांबर, खडी आणि खालचा थोडा मुरूम एकत्र भरडत पुढे जातं. त्यात ठरलेल्या मापाने सिमेंट, पाणी आणि माती बांधून ठेवणारं रसायन मिसळलं जातं. मग ग्रेडरने सपाटी, रोलरने दाब, आणि नव्या स्लॅबसारखं काही दिवस पाणी. तो थर आवळला की त्याच्या भेगा वर येऊ नयेत म्हणून मधे एक लवचीक अस्तर, आणि सगळ्यात वर डांबराचा पातळ थर. उत्तर प्रदेशाने ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

गृहिणीची सवय म्हणून मी याचा वहीत हिशेब मांडला. एक किलोमीटर रस्ता, पावणेचार मीटर रुंद, खडी-मुरमाचा थर वीस सेंटिमीटर धरला, तर साडेसातशे घनमीटर माल होतो. आमच्या भाषेत जवळजवळ २६५ ब्रास. तोच रस्ता त्याच जाडीने साडेपाच मीटरचा करायचा तर अकराशे घनमीटर माल लागेल. म्हणजे दोन तृतीयांश माल आधीच जागेवर पडलेला आहे, पैसे देऊन आणलेला, फोडलेला, वाहून आणलेला. दहा घनमीटरच्या डंपरने नवा आणायचा तर तेवढ्यासाठी पंचाहत्तर खेपा. आणि त्या खेपा कोणत्या रस्त्यावरून होणार? शेजारच्या गावाच्याच पावणेचार मीटरच्या रस्त्यावरून! एक रस्ता दुरुस्त करायला दुसरा मोडायचा, हा कुठला संसार?

रुंदीकरणात आणखी एक मेख असते. जुना पट्टा वर्षानुवर्षं चाकांखाली दबून घट्ट झालेला असतो. त्याच्या कडेला काळ्या मातीवर नवी पट्टी जोडली, की दोन पावसाळ्यांत ती पट्टी बसते आणि नेमक्या जोडावर लांबच लांब भेग पडते. जुन्या लुगड्याला नवं ठिगळ लावलं की ठिगळाच्या कडेलाच फाटतं, हे आपल्याला माहीत आहे. जुना माल उकरून, कमी पडेल तेवढा नवा घालून, सगळ्या रुंदीवर एकजीव केला तर हा जोड राहत नाही. आणि रस्ता दळूनच केल्यामुळे तो फारसा वरही येत नाही, त्या बाईंच्या दाराला निदान अजून एक पायरी उतरावी लागत नाही.

हे सगळं वाचून आता सारं आबादीआबाद होईल असं मला म्हणायचं नाही. काळ्या मातीवरचं पाणी काढून दिलं नाही, कडेची नाली बुजलेली राहिली, तर वर काहीही टाका, रस्ता फुटणारच. मॅकअॅडमनेही आधी पाणी म्हटलं होतं, मग खडी. सिमेंटचं माप चुकलं, पाणी मारायचा कंटाळा केला, तर दळलेला रस्ता पुन्हा दळायची पाळी येईल. आणि रुंदी वाढवताना साइडपट्टी खाल्ली जाते, तिचं काय? रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं अजून संपलेली नाहीत. शाळेतली पोरं आहेत, शेतावर जाणाऱ्या बायका आहेत, विहार करणाऱ्या साध्वी आहेत. चैत्र-वैशाखात डांबर तव्यासारखं तापतं, तेव्हा अनवाणी पायांना कडेची माती हाच आधार असतो. गाड्यांसाठी साडेपाच मीटर मोजताना पायांसाठी एक मीटर मोजायला विसरू नये.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. १९७३ मध्ये ज्या कामाने लाखो घरांची चूल पेटती ठेवली, ते काम आज एक यंत्र दिवसभरात करून टाकतं. खडी फोडणं हे काही मिरवण्यासारखं काम नव्हतं. त्याने बायकांचे डोळे गेले, बोटं चेंगरली, ते यंत्राकडे गेलं हे बरंच झालं. पण जुना माल वापरून पैसा वाचत असेल, तर त्यातला काही भाग गावातल्या माणसांच्या हातात जावा. नाल्या मोकळ्या ठेवणं, साइडपट्टी भरणं, लहान खड्डा लहान असतानाच बुजवणं, ही कामं बाराही महिने लागतात, आणि त्यांना मोठं यंत्र लागत नाही. पाटीवरची पाच वर्षं संपल्यावर रस्त्याकडे बघणारं कुणीतरी गावातलंच असलं पाहिजे.

उज्जैनमध्ये सध्या २०२८ ची तयारी दिसते आहे. १९ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते इंदूर–उज्जैन सहापदरी रस्त्याचं भूमिपूजन झालं. एवढ्या मोठ्या रस्त्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, असायलाच हवं. पण सिंहस्थाला येणारा यात्रेकरू महिनाभरात परत जातो, आणि तराण्याकडचा शेतकरी पुढची अकरा वर्षं त्याच्या त्या अरुंद रस्त्यानेच मंडीत येतो. त्याच्या रस्त्याची पाळी येईल तेव्हा कुणी डोंगराकडे बोट दाखवण्याआधी एकदा रस्त्याखाली बघावं, एवढंच माझं मागणं.

आपल्या घरात जुनी भांडी मोडीत देताना आपण आधी ती वजन करून घेतो. आटवून नवं करायचं असलं तर घट किती, मजुरी किती, हे सोनाराला आणि तांबटाला विचारतो. दगडाचं वजन मात्र आजवर कुणी विचारलं नाही. रस्त्याच्या पोटातली खडी कुठल्यातरी डोंगराची आहे आणि ती कुणाच्या तरी आईने फोडली आहे. ती ओढ्यात फेकून देण्याएवढे श्रीमंत आपण अजून झालेलो नाही, आणि तसली श्रीमंती आली तरी ती नको.